मोटारींतील शोभेचे दिवे आणि धन-ऋणाची पारख



मोटारीच्या आंत शोभेसाठीं लावावयाचे दिवे हा विषय एका पेन्शनर शाळामास्तरानें बोलावयास घ्यावा, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. माझी मजल मॅट्रिकपर्यंतची. त्यापुढें अध्यापनाची पदविका घेऊन मीं उभी हयात प्राथमिक शाळेंत घालविली. विजेवर अधिकारवाणीनें बोलण्याचा हक्क मला कोणीं दिलेला नाहीं. परंतु गेल्या दिवाळींत पणदऱ्यास आमच्या अंगणांत उभ्या असलेल्या एका मोटारीनें मला एक धडा दिला, आणि तोच धडा मीं पूर्वी वर्गांत चुकीचा शिकविला होता, हेंही त्याच वेळीं उघडकीस आलें. ज्यांस तो शिकविला ते विद्यार्थी आतां चाळिशीला आले; त्या सर्वांना पुन्हां बाकांवर बसविणें शक्य नाहीं. तेव्हां निदान आपणांपुढें तरी तो दुरुस्त करून सांगावा, एवढाच आजच्या बोलण्याचा हेतु.

पणदरें हें बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें गांव. १८८५ च्या सुमारास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी या भागांत खेळूं लागलें. त्या पाण्यामागून ऊंस आला, उंसामागून साखर कारखाने आले, आणि कारखान्यांमागून ट्रॅक्टर, जीपगाड्या व मोटारी आल्या. गळिताच्या हंगामांत रात्रीं रस्त्याच्या कडेला उभें राहिलें, तर माळेगांवच्या आणि सोमेश्वरच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांच्या टपाखालीं निळी, जांभळी, हिरवी अशी रोषणाई चमकत जातांना दिसते. पूर्वी बैलांच्या शिंगांना बेगड लावीत, गळ्यांत घुंगुरमाळा बांधीत. तीच हौस आतां एलईडीच्या पट्टीवर आली आहे. मला या हौसेची चेष्टा करावयाची नाहीं. रात्रंदिवस चाक धरून बसणाऱ्या माणसाला आपली बसावयाची जागा थोडी सजवावीशी वाटली, तर त्यांत वावगें काय? माझें म्हणणें एवढेंच, कीं बेगड उलटी चिकटविली तरी फारसें बिघडत नसे. पट्टीचें तसें नाहीं.

दिवाळीला माझा मुलगा पुण्याहून आपली मोटार घेऊन आला. नातू महाविद्यालयांत जाणारा. त्यानें बारामतीच्या बाजारांतून दोन मीटर लांबीची, पांढऱ्या उजेडाची पट्टी आणली. पुढच्या आसनांसमोर पाय ठेवावयाच्या जागेच्या वर ती चिकटवावयाची, म्हणजे दार उघडतांच पायाशीं सौम्य उजेड पडेल, अशी त्याची योजना. दार उघडलें कीं मोटारीच्या छतांतला दिवा आपोआप लागतो. त्याच्याच दोन तारांना पट्टीच्या दोन तारा जोडल्या कीं काम झालें, असा त्याचा विचार. मीं विचारलें, "यांतली धन कोणती आणि ऋण कोणती?" तो म्हणाला, "आजोबा, आतला बल्ब कुठं विचारतो?" हें उत्तर मला एकदम पटलें. पटावयास कारण असें कीं, तें मूळचें माझेंच उत्तर होतें. पण तें पुढें सांगतों.

दोन तास खपून आम्हीं छतापासून तारा खालीं आणल्या. (नव्या गाड्यांत कांचेलगतच्या खांबांच्या आवरणाआड पुष्कळदां अपघातांत फुगणारी हवेची पिशवी असते, तिच्या वाटेंत तार येतां कामा नये, हें आम्हांस मागाहून समजलें.) जोडणी झाली, दार उघडलें. छतांतला दिवा लागला. पट्टी मात्र अंधारी. नातू ती घेऊन दुकानीं परत गेला. दुकानदारानें ती आपल्या टेबलावरच्या यंत्राला जोडली, तर लख्ख उजेड! घरीं आणली, पुन्हां अंधार. दुसऱ्या खेपेस मी स्वतः गेलों आणि त्या बिचाऱ्या दुकानदाराला, वयाचा मान ठेवून तो ऐकून घेतो आहे असें दिसल्यावर, चार शब्द जास्तच बोललों. त्याची कांहीं चूक नव्हती.

रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर-मोटारींच्या विजेची कामें करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. संध्याकाळीं तो फराळाला आला, तेव्हां मीं गाऱ्हाणें सांगितलें. त्यानें खिशांतून लहानसा मीटर काढला, छताच्या तारांना टोंकें लावलीं, कांचेंतला आंकडा पाहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पट्टी चांगली आहे. उलटी लागलीय." दोन्ही तारांची अदलाबदल केली, आणि पाय ठेवावयाच्या जागेंत चांदणें पडलें.

मग चकलीचा तुकडा मोडीत तो हळूच म्हणाला, "गुरुजी, तुम्हांला आठवत नसेल. सातवीत मी तुम्हांला विचारलं होतं." मला खरोखरच आठवत नव्हतें. त्यानें आठवण दिली. मी वर्गांत घट, तार आणि बल्ब घेऊन प्रयोग दाखवीत होतों. घट फिरविला, बल्ब तसाच लागला. आणि मीं फळ्यावर लिहिलें कीं दिवा लागण्यास दिशेचें बंधन नाहीं. हा मुलगा घरच्या मोडक्या टेपरेकॉर्डरांतला लहानसा तांबडा दिवा घेऊन आला होता. तो उठून म्हणाला, "गुरुजी, हा एकाच बाजूनं लागतो." मीं तो हातांत घेऊन पाहिला, पण नीट पाहिला नाहीं. "तुझी जोडणी सैल आहे, खालीं बस," असें म्हणून मीं पुढचा धडा काढला. त्याच्या हातांत होती ती एलईडी. म्हणजे माझ्या वर्गांत त्या दिवशीं विज्ञान एकाच मुलाला आलें होतें, आणि त्यालाच मीं खालीं बसविलें.

आतां यांतलें मर्म सांगतों. जुन्या बल्बांत टंगस्टनची बारीक तार असते. वीज तिच्यांतून कोणीकडूनही गेली तरी ती तापते, आणि तापली कीं प्रकाशते. ती साध्या नळासारखी आहे. पाणी या तोंडानें घाला कीं त्या. एलईडीचें तसें नाहीं. आपल्याकडे विहिरींतल्या पंपाच्या तळाशीं फूट व्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर चढूं देतो, खालीं परत जाऊं देत नाहीं. एलईडी हा विजेचा फूट व्हॉल्व्ह आहे, आणि सरळ दिशेनें वीज जात असतांना तो प्रकाशतो, ही त्याची जास्तीची करामत. उलट दिशेनें तो मुका.

हा गुण अगदीं नवा आहे असें मात्र नव्हे, आणि रेडिओच्या श्रोत्यांना तर तो परका वाटूं नये. जगदीशचंद्र बोस यांनीं गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा उपयोग विद्युत्-लहरी टिपण्यासाठीं केला, आणि १९०४ सालीं अमेरिकेंत त्याचें पेटंट त्यांच्या नांवें झालें. प्रारंभींचे स्फटिकाचे रेडिओ याच एकमार्गी गुणावर बोलूं लागले. १९०७ मध्यें हेन्री राउंड या इंग्रज तंत्रज्ञास अशाच एका स्फटिकांतून वीज सोडतां पिवळसर उजेड दिसला. परंतु तांबड्या प्रकाशाची व्यवहारांत चालेल अशी एलईडी १९६२ त अमेरिकेंत निक होलोनियाक यांनीं केली. निळीला आणखी तीस वर्षें लागलीं. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठीं २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आपण जिला पांढरी पट्टी म्हणतों ती बहुधा निळीच असते. तिच्यावर पिवळा प्रकाश देणारें लुकण असतें, आणि दोन्ही मिळून पांढरें दिसतें. पट्टी विझलेली असतांना ते पिवळे ठिपके पाहावे.

धन आणि ऋण हीं नांवें अठराव्या शतकांत फ्रँकलिन यांनीं रूढ केलीं. पुढें १८९७ त इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि तारेंतील कण प्रत्यक्षांत ऋणाकडून धनाकडे जातात असें दिसून आलें. तरी वहिवाट बदलली नाहीं, आणि बदलण्याचें कारणही नाहीं. जावई उत्तरेकडून येवो कीं दक्षिणेकडून, मान ठरलेलाच. आपल्याला एवढेंच पाहावयाचें कीं पट्टीचें धन टोंक बॅटरीच्या धनाकडे असावें.

पण तें ओळखावें कसें? लाल तार धन आणि काळी ऋण, हा संकेत चांगला आहे. मात्र तो संकेत आहे, कायदा नव्हे. पट्टीच्या दोन्ही तारा पांढऱ्या असूं शकतात. मोटारीच्या मूळच्या तारांत तर पिवळी, जांभळी, तपकिरी असे रंग असतात आणि कारखान्यागणिक त्यांचा अर्थ निराळा. कित्येक जर्मन बनावटीच्या गाड्यांत तपकिरी तार ऋण असते. आजच्या गाड्यांत बॅटरीचें ऋण टोंक गाडीच्या लोखंडी अंगास जोडलेलें असतें, पण जुन्या ब्रिटिश बनावटीच्या कित्येक मोटारींत धन टोंकच अंगास जोडीत. कोणाच्या घरीं हौसेनें जपलेली तशी गाडी असेल, तर तेथें आजची सवय घात करील. आमच्या छतांतल्या दिव्याची गोष्ट तर आणखी मौजेची. पुष्कळ मोटारींत त्या दिव्याच्या एका तारेंत धन दाब सदैव असतो, आणि दाराच्या चौकटींतलें बटण ऋण बाजूची तार जोडतें व तोडतें. म्हणजे जी तार दार उघडल्यावर 'जिवंत' झाली असें आपण समजतों, ती वास्तविक ऋण असते. बल्बला याचें सोयरसुतक नाहीं. पट्टीला आहे.

म्हणून मीटर घ्यावा. दोनतीनशे रुपयांत साधा मीटर मिळतो. काळी दोरी 'कॉम' लिहिलेल्या भोकांत, लाल दोरी व्होल्टच्या भोकांत घालावी. चकती एकदिश प्रवाहाच्या २० व्होल्टवर आणावी. मग दोन्ही टोंकें त्या दोन तारांना लावावीं. आंकडा १२ च्या आसपास आणि त्याच्या डावीकडे कांहीं चिन्ह नाहीं, तर लाल टोंक ज्या तारेवर आहे ती धन. आंकड्यापूर्वी उणें चिन्ह दिसलें, तर उलट. यापेक्षां सोपा प्रश्न सातवीच्या परीक्षेंतही येत नाहीं. आधीं मीटर बॅटरीच्याच टोंकांना लावून पाहावा, म्हणजे आपल्या दोऱ्या अदलाबदल झालेल्या नाहींत याची खात्री होते.

पट्टीची परीक्षा निराळी. मीटरवर डायोडची खूण असते, तिनें एखादी सुटी तांबडी एलईडी मंद लागते. पण पांढऱ्या पट्टीवर हा प्रयोग करून 'पट्टी मेली' असा निकाल देऊं नये. पट्टींत तीन तीन एलईड्या एकापुढें एक ओवलेल्या असतात आणि तिघींना मिळून नऊ व्होल्टांहून थोडा अधिक दाब लागतो. मीटरच्या अंगीं तेवढें बळ नसतें. त्याऐवजीं नऊ व्होल्टांची लहान चौकोनी बॅटरी क्षणभर लावावी. मंद कां होईना, उजेड पडला कीं दिशा समजली. न पडला तर टोंकें फिरवून पाहावीं. सुट्या एलईडीचा लांब पाय धन, आणि तिच्या कडेला जेथें चपटेपणा असतो तो ऋण. साध्या पट्टीला क्षणभर उलटी वीज मिळाली तर ती बहुधा नुसती रुसते. पण रंग बदलणाऱ्या किंवा गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या पट्टीसोबत जी चिमुकली पेटी येते, ती उलट्या जोडणीनें कायमची जाऊं शकते.

आतां एक हिशेब. मास्तराच्या भाषणांत एवढा चालावा. तीन एलईड्यांच्या प्रत्येक गटाशीं एक काळा चौकोनी रोधक असतो. त्यावर १५१ असा आंकडा असेल, तर १५ पुढें एक शून्य, म्हणजे १५० ओहम. एलईडीला ३.२ व्होल्ट धरले तर तिघींना ९.६. बारा व्होल्टांतले २.४ उरले, त्यांस १५० नें भागलें कीं ०.०१६ अँपिअर, म्हणजे १६ मिलिअँपिअर प्रवाह आला. घरच्या यंत्रावर हें ठीक. पण मोटारीचें इंजिन चालूं झालें कीं तेथील दाब १४.४ व्होल्टांपर्यंत चढतो. मग उरतात ४.८, आणि प्रवाह होतो ३२. दाब एकपंचमांश वाढला, प्रवाह दुप्पट! प्रत्यक्षांत दुप्पटीहून थोडा कमी, कारण प्रवाहाबरोबर एलईडीचा स्वतःचा दाबही किंचित् वाढतो; पण पट्टी तापून कांहीं महिन्यांत काळवंडण्यास तेवढा पुरे. मीटरला साठ एलईड्या असलेल्या आमच्या दोन मीटरच्या पट्टीला त्या विद्यार्थ्यानें वाटेंत ३.३ ओहमचा पांच वॅटचा रोधक घातला, आणि इंजिन चालूं असतां प्रवाह पुन्हां गटामागें १७ मिलिअँपिअरच्या घरांत आला. हा रोधक तापतो; तो प्लास्टिकला चिकटवूं नये.

येथवरची गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी होती. दुसऱ्या दिवसाची तशी नाहीं.

एकदां यश आल्यावर नातवास हुरूप आला. मागच्या आसनांखालीं आणखी एक पट्टी लावावी असें ठरलें. या वेळीं मीटर आमच्यापाशीं होता. धन-ऋण दोनदां तपासले. तार थेट बॅटरीच्या धन टोंकापासून आणली, पुढच्या आसनाखालून मागें नेली, सांधे पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. मीं मान डोलावली. पट्टी पहिल्या झटक्यांत लागली, आणि आम्ही दोघेही परीक्षेंत पहिले आल्यासारखे खूष झालों. दुपारीं मुलानें चाकाशीं बसतांना आपलें आसन पुढें सरकविलें. आसनाच्या लोखंडी रुळाखालीं तार दबली, तिचें आवरण कापलें गेलें, आणि धन तार मोटारीच्या अंगाला, म्हणजे सरळ ऋणाला, जाऊन भिडली. क्षणांत जळक्या रबराचा वास आणि धूर. धाकटी नात मागच्या आसनावर बाहुली घेऊन बसली होती. सूनबाईंनीं तिला बाहेर ओढलें. नातवानें पुढचें झांकण उघडून तापलेली तार हातानेंच उपटली. त्याच्या दोन बोटांना फोड आले. गालिचा वितभर जळला. मी अंगणांत उभा होतों, आणि मला काय करावें तें सुचलें नाहीं.

धन-ऋण बिनचूक होते. फ्यूज नव्हता. मोटारीची बॅटरी दिसते लहान, पण तिला इंजिन फिरवावयाचें असल्यामुळें ती शेंकडों अँपिअर प्रवाह एकदम सोडूं शकते, आणि आडवी वाट मिळाली कीं तो सगळा एवढ्याशा तारेंतून धांवतो. आमची पट्टी एक अँपिअरही घेत नव्हती. बॅटरीच्या टोंकापासून वितीच्या आंत दोन अँपिअरचा फ्यूज बसविला असता, तर तो निमिषांत वितळला असता आणि आम्हांला फक्त अंधार दिसला असता. चपट्या फ्यूजांच्या पात्यांत दोनचा रंग राखाडी, तीनचा जांभळा, दहाचा तांबडा असतो. 'मोठा घातला तर वारंवार उडत नाहीं' अशी फुशारकी मीं पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. असा फ्यूज घालणें म्हणजे चोराला कडी काढून देणें. फ्यूज तारेच्या बेतानें असावा, आणि तो बॅटरीजवळ असावा. पट्टीजवळ बसविलेला फ्यूज मधल्या तारेचें रक्षण करीत नाहीं.

विद्यार्थ्यानें सर्व उपटून नव्यानें केलें. सांध्यांना डाख दिला, वर उष्णतेनें आकसणारी नळी चढविली, पत्र्याच्या भोकांत रबरी कडें घातलें, तार रुळापासून दूर गालिच्याच्या कडेनें नेली. आसनांखालच्या पट्टीला वीज थेट बॅटरीवरून न घेतां चावी फिरविल्यावरच मिळेल अशी घेतली. कारण पायाशींच्या पट्टीइतकी पट्टी रात्रंदिवस जळत राहिली, तर चोवीस तासांत सुमारें १५ अँपिअर-तास जातात, आणि लहान मोटारीची बॅटरी ३५ च्या आसपास असते. पुण्यास परत निघतांना गाडी ढकलावी लागली असती. ट्रक असेल तर आणखी संभाळावें. तेथें दोन बॅटऱ्या ओळीनें जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि बाराची पट्टी तेथें पाहतां पाहतां जळते.

उजेड कोठें पडावा, याविषयीं दोनच वाक्यें. रात्रीं चालविणाऱ्याच्या डोळ्यांत किंवा पुढच्या कांचेंत तो पडूं लागला, तर समोरची बैलगाडी दिसत नाहीं. आणि गाडीच्या बाहेर तर मोटार वाहन नियमांप्रमाणें पुढें तांबडा दिवा दाखवावयाचा नाहीं. अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचेही तांबडे दिवे १ मे २०१७ पासून उतरले. उंसाच्या ट्रॉलीला मागें तांबडा दिवा असावा लागतो, तो मात्र पुष्कळदां फुटलेला किंवा तार तुटलेला असतो. टपाखालीं इंद्रधनुष्य आणि मागें काळोख, अशी ट्रॉली मीं माझ्या दारावरून जातांना कितीदां तरी पाहिली आहे. ज्या माणसाला पट्टी लावतां येते, त्याला तो दिवाही लावतां येतो.

मजुरी विचारली तेव्हां विद्यार्थ्यानें फक्त फ्यूज आणि नळीचे पैसे घेतले. मग म्हणाला, "गुरुजी, माझी मुलगी यंदा सातवीत आहे. तिला हे घट आणि बल्ब जरा दाखवाल का?" पुढच्या रविवारीं ती आली. मीं दोन घट, शंभर ओहमचा एक रोधक आणि एक तांबडी एलईडी टेबलावर मांडून ठेविली होती. आधीं कांहींच सांगितलें नाहीं. तिनें जोडून पाहिलें. दिवा लागला नाहीं. तिनें तारा दाबून पाहिल्या, मग माझ्या तोंडाकडे पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, जोडणी सैल आहे का?"

मीं म्हटलें, "नाहीं बाळ. उलटी लावून पाहा."